अंबाडी, पुंडी आणि पुंटिकूर : सोलापूरच्या आहारशब्दांतील स्थलांतराचे थर

पदव्युत्तर वर्गात बोलींचा अभ्यास शिकविताना एकदा फळ्यावर 'अंबाडी' हा शब्द लिहून या भाजीला घरोघर काय म्हणतात, असे विचारले होते. मराठीभाषक घरांतील विद्यार्थ्यांना प्रश्नाचे प्रयोजनच कळले नाही. अंबाडीला अंबाडीच म्हणणार. अक्कलकोटकडील एका विद्यार्थ्याने 'पुंडी' असे उत्तर दिले. मागच्या बाकावरील, विणकर कुटुंबातून आलेली एक विद्यार्थिनी मात्र गप्प होती. पुन्हा विचारल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "घरी पुंटिकूर म्हणतो सर, पण ते मराठी नाही." तिच्या या 'पण'मुळे प्रस्तुत निबंध लिहावासा वाटला.

सोलापूरच्या खाद्यजीवनाविषयी लिहिताना 'त्रिवेणी संगम', 'समन्वय', 'सरमिसळ' असे शब्द सहज लेखणीवर येतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा ज्या शहरात शेजारी नांदतात, तेथील ताटातही चार चवी नांदत असणार, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक खोटे नाही. पण ते अपुरे आहे. पदार्थ एका घरातून दुसऱ्या घरात जातो तेव्हा त्याचे नाव त्याच्याबरोबर जातेच असे नाही, आणि नाव गेले तरी ते सांगणारी माणसे एका पंगतीत बसतातच असेही नाही. पदार्थ, शब्द आणि पंगत या तीन गोष्टींचे स्थलांतर वेगवेगळ्या गतीने होते. ही गती मोजण्याचे एक साधन भाषेच्या अभ्यासकाच्या हाती आहे, ते म्हणजे पदार्थांची नावे. पाकशास्त्राचा जाणकार म्हणून नव्हे, तर शब्दांचा विद्यार्थी म्हणून येथे काही निरीक्षणे मांडीत आहे.

प्रथम या वस्तीचा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल. सोलापूरचा परिसर कल्याणीच्या चालुक्यांच्या, पुढे कलचुरी, यादव, बहामनी व आदिलशाही सत्तांच्या अमलाखाली राहिला. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर हे या नगरीचे ग्रामदैवत; त्यांची वचने कन्नड भाषेत आहेत आणि संक्रांतीला भरणारी त्यांची गड्ड्याची यात्रा आजही शहराचा सर्वांत मोठा उत्सव आहे. म्हणजे येथे कन्नड ही बाहेरून आलेली भाषा नव्हे. ती या मातीत मराठीइतकीच जुनी आहे. तेलुगूची गोष्ट निराळी. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापुरास पोचली, १८७१ मध्ये तोच मार्ग रायचूरला मद्रासकडील लोहमार्गास मिळाला, आणि १८७७ मध्ये, ऐन मोठ्या दुष्काळात (१८७६-७८), येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. निजामी मुलखातील तेलंगणातून पद्मशाली विणकरांचे येणे आधीपासून चालू होतेच. रेल्वे, गिरणी आणि दुष्काळ या तिहींनी त्याला वेग दिला. शहराचा पूर्वभाग त्यांच्या मागांच्या आवाजाने भरून गेला. हातमागाचे यंत्रमाग झाले, पुरुष मागावर आणि स्त्रिया विड्या वळण्यात गुंतल्या. पण घरातली भाषा तेलुगूच राहिली.

दोन संपर्कांतील हे अंतर, एक हजार वर्षांच्या शेजाराचा आणि दुसरा दीडशे वर्षांच्या स्थलांतराचा, आहारशब्दांत स्पष्ट उमटले आहे.

सर्वांत खालचा थर इतका जुना आहे की तो परका असल्याची जाणीवही उरलेली नाही. मराठी 'तूप' आणि कन्नड 'तुप्प', मराठी 'खोबरे' आणि कन्नड-तेलुगू 'कोब्बरि', मराठी 'विळी' आणि कन्नड 'ईळिगे' यांचे साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. विश्वनाथ खैरे यांच्या 'द्रविड महाराष्ट्र' (१९७७) या ग्रंथानंतर तर अशा जोड्या जुळविण्याचा छंदच काहींना लागला, आणि त्यातील सर्वच जुळण्या टिकणाऱ्या नाहीत. परंतु स्वयंपाकघरातील शब्दांपुरते पाहिले तर हा संबंध नाकारणे कठीण आहे. कारण ही नावे राजदरबारातून किंवा ग्रंथांतून आलेली नाहीत. ती चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीच्या तोंडची आहेत, आणि ती भाषा सहसा कोणी मुद्दाम बदलत नाही.

या थरातील एकच शब्द जरा बारकाईने पाहू. पुरणासाठी शिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे वरचे पाणी निथळून काढतात, त्यास आपण 'कट' म्हणतो आणि त्याची आमटी करतो. कन्नडमध्ये याच पाण्यास 'कट्टु' म्हणतात आणि त्याचे 'कट्टिन सारु' होते. तेलुगूतही शिजल्या डाळीचे पाणी म्हणजे 'कट्टु', त्याचे 'कट्टु चारु'. शब्द एक, क्रिया एक, आणि उरलेले पाणी फेकून न देण्याची काटकसरही एक. संस्कृत 'क्वाथ'वरून 'कट' साधण्याचा मोह एखाद्यास होईल. परंतु 'क्वाथ'चे मराठीत 'काढा' झालेले आहे, आणि एकाच शब्दाची इतकी भिन्न दोन रूपे मानण्यापेक्षा शेजारच्या दोन भाषांत जसाच्या तसा असलेला शब्द मान्य करणे अधिक सयुक्तिक होय. पुरणपोळी हे मराठीपणाचे चिन्ह मानले जाते. तीच पोळी कन्नडमध्ये 'होळिगे' आणि तेलंगणात 'पोलेलु' किंवा 'भक्ष्यालु' म्हणून सणाला होते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथाच्या (इ. स. ११३०च्या सुमारास) अन्नभोग प्रकरणात 'पोलिका', 'मंडक', 'इडरिका', 'धोसक' ही नावे एकाच राजाच्या ताटात आढळतात. आपले मांडे आणि पोळी एका बाजूस, इडली आणि डोसा दुसऱ्या बाजूस, अशी वाटणी पुढील काळाने केली. कल्याणीच्या मुदपाकखान्यात ती नव्हती.

'येसर' या शब्दाविषयी मात्र मी अधिक सावधपणे बोलेन. सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात लग्नकार्यात येसर आमटी असते. धान्ये व डाळ भाजून, मसाल्यासह दळून केलेले हे पीठ उकळत्या पाण्यात कालवले की दाट आमटी तयार होते. शेकडो माणसांच्या पंगतीस डाळ शिजवत बसण्यापेक्षा हे सोपे. कन्नड व तेलुगू या दोन्ही भाषांत 'एसरु' म्हणजे अन्न शिजविण्यासाठी ठेवलेले उकळते पाणी, आपल्या भाषेत आधण. आधणात कालवायचे ते येसर, अशी संगती लावता येते. अर्थ पाण्यावरून पिठावर सरकला, हे येथे गृहीत धरावे लागते. असे सरकणे अशक्य नाही, तरी तेवढ्या एका गृहीतामुळे 'कट'च्या व्युत्पत्तीइतकी निश्चिती 'येसर'ला देता येत नाही.

दुसरा थर सीमेवरचा. येथे शब्द दोन्हीकडे जिवंत आहेत आणि बोलणाऱ्यास त्यांचे दुहेरीपण माहीत आहे. पुण्यामुंबईकडे ज्याला शेंगदाणे म्हणतात त्याला सोलापूरकर नुसते 'शेंगा' म्हणतो. उत्तर कर्नाटकातही 'शेंगा'च म्हणतात, तर म्हैसूरकडे त्याच दाण्याला 'कडलेकायि' असे निराळे नाव आहे. म्हणजे या एका शब्दापुरते सोलापूर पुण्यापेक्षा विजापूरला जवळ आहे, आणि विजापूर म्हैसूरपेक्षा सोलापूरला. राज्यांच्या सीमा १९५६ मध्ये भाषेवरून आखल्या गेल्या. आहाराच्या सीमा त्यांना जुमानीत नाहीत. कडक भाकरी हे दुसरे उदाहरण. पातळ थापून, भाजून, पुन्हा शेकून कुरकुरीत वाळविलेली ही ज्वारीची भाकरी कितीतरी दिवस टिकते. कन्नडमध्ये तिला 'कडक रोट्टी' म्हणतात, विशेषण तेच. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी मराठी घरात आणि 'सज्जी रोट्टी' लिंगायत घरात एकाच सकाळी होते. गव्हाच्या खिरीस 'हुग्गी' म्हणणारे लोक मराठी बोलतानाही हुग्गीच म्हणतात.

सोलापूरची सर्वांत प्रसिद्ध वस्तू, उखळात तेल सुटेपर्यंत कांडलेली शेंगा चटणी, याच थरातील होय. तिच्याकडे पाहताना आपल्या एका आवडत्या वादाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी १९८०च्या दशकात देशीवादाची मांडणी केल्यापासून मराठी समीक्षेत 'देशी' हा गौरवाचा शब्द झाला आहे. आता या चटणीतील मुख्य पदार्थ दोन : भुईमूग आणि मिरची. दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील; पोर्तुगीजांच्या समुद्रमार्गाने आशियात आलेल्या, आणि भुईमुगाची शेती तर दख्खनमध्ये प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात पसरलेली. चोखामेळ्याने किंवा दामाजीपंतांनी मंगळवेढ्यात ही चटणी खाल्ली असणे शक्य नाही. तरीही ती देशी नाही, असे कोण म्हणेल? देशीपण हे उगमावर नव्हे तर रुळण्यावर ठरते, हे शेंगा चटणी एखाद्या समीक्षालेखापेक्षा स्पष्टपणे सांगते. नेमाड्यांच्या मांडणीस हे मारक आहे असे मला वाटत नाही. तिच्या अनुयायांतील काहींच्या शुद्धतेच्या हट्टास मात्र ते मारक आहे.

सीमाथरातील शब्दांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे लोकव्युत्पत्ती. मार्गशीर्ष अमावास्येस लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत शेतात जाऊन जेवण्याचा सण असतो. अंबिल, भज्जी, उंडे, खीर असा थाट असतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यास बोलावून खाऊ घालणे हा त्यातील मुख्य विधी. कन्नडमध्ये 'येळु' म्हणजे सात आणि 'एळ्ळु' म्हणजे तीळ. यांपैकी कोणत्या शब्दावरून सणाचे नाव पडले याविषयी दोन्ही मते ऐकू येतात. मराठीत त्याची 'येळवस' झाली, आणि शिष्ट मराठीने तिला 'वेळ अमावास्या' करून संस्कृत 'वेला'शी नाते जोडून दिले. परका शब्द कळेनासा झाला की भाषा त्याला आपल्या घरातला पूर्वज शोधून देते, त्याचा हा नमुना.

तिसऱ्या थरात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या स्वयंपाकघरात शिरताना एक सोयीचा समज बाजूस ठेवला पाहिजे. भात खाणारे लोक आले आणि भाकरी खाऊ लागले, असे सर्रास सांगितले जाते. तेलंगणाची कोरडवाहू जमीन पाहता हे तितकेसे खरे नाही; 'जोन्न रोट्टे' म्हणजे ज्वारीची भाकरी तेथेही होतीच. तेलुगू 'जोन्न', कन्नड 'जोळ', मराठी 'जोंधळा' ही नावे शेजारी ठेवली तर ज्वारीने या लोकांना परके वाटू दिले नसावे, हे लक्षात येईल. बदल झाला तो ताटातील प्रमाणाचा, भाकरीच्या जाडीचा आणि सोबतच्या चटणीचा.

सणांच्या पदार्थांत मात्र तेलंगणा जवळजवळ अभंग राहिला. संक्रांतीला तांदळाच्या पिठात तीळ व ओवा घालून, साच्याशिवाय, बोटांनी पीळ देत वर्तुळे रचून 'सकिनालु' करतात. आषाढात देवीसाठी 'बोनम' नेतात. हा शब्द संस्कृत 'भोजनम्'चा तद्भव आहे, म्हणजे आपल्या 'भोजना'चा सख्खा भाऊ, आणि तरीही शेजारच्या मराठी माणसास तो ओळखू येत नाही. बतुकम्माच्या फुलांच्या उत्सवात पोळी कुस्करून गुळात मळलेला 'मलीदा' प्रसाद म्हणून वाटतात. हा शब्द फारसी, अर्थ 'चोळलेले, मळलेले'. दखनी मुसलमान घरात फातिहासाठी मलिदा होतो, दर्ग्यावर मराठा शेतकरीही मलिदा चढवितो, आणि मराठी वर्तमानपत्रात मात्र मलिदा 'खाल्ला' जातो तो ठेकेदारीत. तीन समाजांचे नैवेद्य एका शब्दात, आणि आपली वृत्तपत्रीय मराठी त्यातून केवळ लाच उचलते! असो.

येथे निबंधाचा मुख्य मुद्दा येतो. तेलुगू घराने 'भाकरी', 'शेंगा चटणी', 'पुरणपोळी' ही नावे त्या त्या पदार्थांसह स्वीकारली. उलट दिशेने काय गेले? सकिनालु शेजारच्या घरात ताटाने जातात, पण तेथे त्यांची 'तांदळाची चकली' होते. पुंटिकुरेची 'अंबाडी' होते, चारुचे 'सार' होते. प्रत्येक वेळी पदार्थ उंबरठा ओलांडतो आणि नाव उंबरठ्यापाशी थांबते. भाषाविज्ञानात आपण उसनवारी आणि अनुवाद असा भेद करतो. कन्नडशी मराठीचा व्यवहार उसनवारीचा आहे. तेलुगूशी तो अनुवादाचा आहे. उसनवारीत देणाऱ्याचे नाव शिल्लक राहते. अनुवादात ते राहतेच असे नाही.

असे का झाले? काळाचे अंतर हे एक कारण, परंतु पुरेसे नव्हे. इंग्रजांच्या 'बिस्किटां'चा व्यवहारही त्याच शतकातील आहे आणि तो शब्द मराठीत कधीच रुळला. शब्द कोणाकडून येतो याला महत्त्व असते. कन्नडभाषक लिंगायत समाज या परिसरात व्यापारात, शेतीत आणि देवस्थानात प्रतिष्ठित होता. तेलुगू विणकर मजूर म्हणून आला, आणि मजुराचे कापड घेतले जाते, शब्द घेतला जात नाही. शिवाय शाळेची, कचेरीची आणि छापील पुस्तकाची भाषा मराठी होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' (१९१०) पासून कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) पर्यंत जी छापील पाकपुस्तके घरोघरी गेली, त्यांनी मराठी गृहिणीच्या ताटाची एक प्रमाणभाषा तयार केली. प्रमाणभाषेच्या आगमनाने बोलींचे जे होते तेच येथे घडले. माझी विद्यार्थिनी 'पण ते मराठी नाही' असे म्हणाली, त्यामागे या पुस्तकांचा आणि आमच्या वर्गांचाही वाटा आहे.

आता पंगतीविषयी. समन्वयाची भाषा करताना आपण बहुधा पाककृतींकडे पाहतो, पंक्तीकडे नाही. याच भूमीत बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या चळवळीने 'कायक' आणि 'दासोह' ही मूल्ये सांगितली. श्रमाने मिळवावे आणि वाटून खावे, यात जातीचा प्रश्न विचारला जाऊ नये. परंपरेने बसवेश्वरांचा आरंभीचा काळ मंगळवेढ्याशी जोडलेला आहे. चक्रधरांनी आपल्या अनुयायांस चारही वर्णांच्या घरची भिक्षा घेण्यास सांगितले. महानुभाव साधकाच्या झोळीत गावातली सारी घरे एकत्र होत, आणि मराठी गद्याचा आरंभ अशा भिक्षान्नाच्या तपशिलांनी भरलेला आहे. या दोन प्रयत्नांनंतरही रोटीव्यवहाराची बंधने पुढे कित्येक शतके टिकली. कडक भाकरी लिंगायत घरातून मराठा घरात गेली, ती पाककृती म्हणून. भाकरी करणारी आणि खाणारी माणसे एका ओळीत बसली, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

या प्रश्नावरील सर्वांत थेट मराठी पुस्तक सोलापूर जिल्ह्यातूनच आले आहे. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) हे आत्मकथन अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर या गावाच्या परिसरात घडते, म्हणजे आपण वर पाहिलेल्या सीमाथराच्या ऐन मध्यभागी. तेथे ज्वारी आहे, भाकरी आहे, मराठी-कन्नड शेजार आहे, आणि महार आजी व तिच्यासोबत राहणारे मुसलमान आजोबा यांचे एक घर आहे. 'संमिश्र संस्कृती' याहून अधिक ती काय असणार? आणि याच पुस्तकात शाळेच्या सहलीत सवर्ण मुलांनी उरवलेले अन्न वेगळ्या बसविलेल्या मुलांच्या वाट्यास येते. आजी जनावरांच्या शेणातून ज्वारीचे दाणे निवडून, धुऊन, दळून त्यांची भाकरी थापते. या भाकरीस कोणत्या भाषेतील शब्द वापरावा, असा प्रश्न तेथे उद्भवत नाही. 'मालदांडी'च्या गोडीची वर्णने करणाऱ्या आम्हा अभ्यासकांनी ही भाकरी ध्यानात न घेता सोलापूरच्या खाद्यसंस्कृतीवर लिहू नये, असे माझे मत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्वारीचा इतिहास केवळ तिच्या गुणांचा इतिहास नव्हे, ती कोणाच्या पदरात पडली आणि कोणाच्या पडली नाही, त्याचाही आहे.

एक आक्षेप येथे विचारात घ्यावा लागेल. नावे गेली तरी चव राहिली ना, मग शब्दांसाठी इतकी हळहळ कशाला, असे कोणी विचारील. पेशवाईच्या अखेरच्या काळातील सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या रचनेत अनेक भाषांची सरमिसळ आढळते. त्यांच्या श्रोत्यांस त्या भाषा अनुवादाशिवाय कळत होत्या, निदान ऐकाव्याशा वाटत होत्या. ती श्रवणक्षमता गेली की चवीचा उगमही पुसला जातो. एका पिढीनंतर सकिनालु ही खरोखरच तांदळाची चकली होते. तिला साचा येतो, बोटांचा पीळ जातो. नावाबरोबर कृतीही बदलते, हे कोणत्याही अनुवादकास माहीत असलेले सत्य आहे.

तेव्हा सोलापुरी बोलीच्या शब्दसंग्रहाचे काम ज्या कोणी महाविद्यालयांत हाती घेतले असेल किंवा घेतले जाईल, त्यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : अंबाडीची नोंद कोठे करायची? आजवरच्या पद्धतीप्रमाणे 'अंबाडी' हा मुख्य शब्द आणि 'पुंडी' हा फार तर कंसातील पर्याय होईल; 'पुंटिकूर' गाळली जाईल, कारण ती 'तेलुगू' आहे. माझी सूचना अशी की तिन्ही शब्दांच्या स्वतंत्र नोंदी कराव्यात, प्रत्येकीखाली भाजी कशी निवडतात, कशात आंबवतात किंवा आटवतात, भाकरीबरोबर खातात की भाताबरोबर, हे सांगणाऱ्या स्त्रीच्या शब्दांतच लिहून घ्यावे, आणि ती कोणत्या पेठेत राहते तेही नोंदवावे. 'पुंडी' आणि 'पुंटि' यांचे नाते उघड आहे. अंबाडी एकटी निराळी पडते. मग या शहरातील भाजीबाजारात बहुसंख्येचा शब्द कोणता होता, आणि तो केव्हापासून बदलला, हे शोधण्यास वर्गातील ती विद्यार्थिनी आमच्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक पात्र आहे. तिच्या आजीस प्रश्न विचारण्यासाठी तिला दुभाष्या लागणार नाही.